कॉफी न घेणारे पोलीस

जॉर्जियाच्या राजधानीतल्या, तिबिलिसीतल्या त्या जुन्या वाड्याचं अंगण आपल्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात खपून जाईल असं होतं. मधोमध नळ, भोवती तीन मजली लाकडी गॅलऱ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि प्रत्येक खिडकीत कुणीतरी. माझी भाची तिथे मेडिकलला आहे. तिच्या घरमालकीणबाईंना ती ‘बेबो’ म्हणते, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणू लागले. खरं तर त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. २०२५ च्या वसंतातली गोष्ट. सामान पोचवायला आलेल्या एका गाडीनं मागे येताना अंगणातला लाकडी जिना ठोकरला, कठड्याचे चार-पाच गज मोडले आणि गाडी तशीच निघून गेली. बेबोनं ११२ नंबर फिरवला. मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत बसा वाट बघत. दहा-बारा मिनिटांत गस्ती पोलिसांची गाडी दारात. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही पंचविशीच्या आतबाहेर, गणवेश कडक, बोलणं मऊ. जिन्याचे फोटो काढले, शेजारच्या दुकानाचा कॅमेरा बघितला, कागद भरला, सह्या घेतल्या. बेबोनं तोवर तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळली होती, बशीत अक्रोडाची चिक्की ठेवली होती. दोघांनी छातीवर हात ठेवून आभार मानले आणि कॉफीला हात न लावता निघून गेले.

मी भारावलेच. भाचीला म्हटलं, बघ, याला म्हणतात पोलीस. बेबो पेले नळाखाली धरून विसळत होत्या. मान वर न करता त्यांनी रशियन मिसळून काहीतरी म्हटलं. भाचीनं क्षणभर थांबून मला सांगितलं, “मावशी, त्या म्हणतायत, चांगली मुलं आहेत. माझ्या नातवाला अशाच चांगल्या मुलांनी नेलं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेली बाई. पोलिसानं चहा न घेणं ही आमच्याकडे संशयास्पद गोष्ट मानली जाते. सुरुवातीच्या काळात माझ्या सीनियरांच्या ऑफिसात एक हवालदार यायचे; बाकावर टेकायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि चहा येईपर्यंत कामाचं एक अक्षर बोलायचे नाहीत. चहा म्हणजे चहाच, त्यापुढचं जे असायचं ते माझ्यासमोर नसायचं. पण त्या कपाच्या आसपास पुष्कळ गोष्टी ठरायच्या. कुणाला आज हजर करायचं, कुणाला सोमवारी. पंच कुठले घ्यायचे. कुणाच्या म्हाताऱ्या आईला ठाण्याच्या व्हरांड्यात बसू द्यायचं. मला त्याची लाज वाटायची आणि कामही त्यातूनच व्हायचं. त्यामुळे तिबिलिसीत न प्यायलेली ती कॉफी बघून मला जे वाटलं त्यात पस्तीस वर्षांचा हेवा होता. आणि बेबोंच्या आवाजात तो अजिबात नव्हता.

त्यांना जुने पोलीस चांगलेच आठवत होते. सोव्हिएत काळापासून चालत आलेली वाहतूक पोलिसांची शाखा, तिला सगळे ‘गाई’ म्हणायचे. तिबिलिसी ते बातुमी रस्त्यावर ठरावीक अंतरावर काठी हलवणारा माणूस उभा. गाडीचे कागद पूर्ण असोत की अपुरे, नोट कागदांत घालूनच द्यायची. नव्वदच्या दशकात पगार नावापुरता, तोही वेळेवर नाही. पोलिसाची जागाच पैसे मोजून घेतलेली, मग ते वसूल करणं आलंच. तेव्हा शहरात वीज नसायची, रॉकेलच्या शेगडीवर ऊब घ्यायची, आणि शेजाऱ्याशी जागेवरून भांडण झालं तर लोक कोर्टात न जाता एखाद्या ‘कायद्यातल्या चोरा’कडे जायचे. ही सोव्हिएत तुरुंगांत घडलेली गुन्हेगारांची मुरलेली जमात. त्यांचे स्वतःचे नियम, स्वतःचे निवाडे. जॉर्जिया त्यांच्यासाठी साऱ्या सोव्हिएत संघात प्रसिद्ध होता. बेबोंच्या दिराचं गॅरेज अशाच एका निवाड्यानं परत मिळालं होतं. “न्याय झाला का?” मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. लवकर झाला, म्हणाल्या.

मग नोव्हेंबर २००३ मध्ये गुलाब क्रांती झाली, म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झेंना पायउतार व्हायला लावलं, जानेवारी २००४ मध्ये साकाश्विली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारनं अख्खी वाहतूक पोलीस शाखा बरखास्त केली. हजारो माणसं एका फटक्यात घरी. काही काळ रस्त्यावर पोलीसच नव्हता आणि अपघात वाढले असंही झालं नाही, हे तिथले लोक अजून मिटक्या मारत सांगतात. नवी मुलं-मुली भरती केली, पगार दिला, गाड्या दिल्या. पोलीस ठाणी काचेची बांधली. खरोखर काचेची; रस्त्यावरून जाताना आत टेबलाशी बसलेला अंमलदार दिसतो. २००५ मध्ये ‘कायद्यातला चोर’ असणं हाच गुन्हा ठरवला. त्यांतले बरेच रशियात आणि युरोपात पळाले. आपल्याकडच्या परिसंवादांत पोलीस सुधारणांवर बोलताना जी स्वप्नं रंगवली जातात, ती या चिमुकल्या देशानं दोन-तीन वर्षांत करून दाखवली.

भाचीच्या राहण्याच्या परवान्यासाठी आम्ही नदीकाठच्या पब्लिक सर्व्हिस हॉलमध्ये गेलो, तेव्हा तर मी तोंडात बोट घालायची बाकी होते. मासिमिलियानो फुक्सास या इटालियन वास्तुविशारदानं रचलेली, २०१२ ची इमारत. वरती पांढऱ्या पाकळ्यांसारखी अकरा छपरं. आत जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा, पासपोर्ट, लग्नाची नोंद, सगळं एका छताखाली. टोकन घ्या, बसा, नंबर आला की जा. कुणी खेकसलं नाही. कुणी ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हटलं नाही. एक वधू पांढऱ्या झग्यात नोंदणीच्या खिडकीकडे चालली होती आणि तिच्या मागून आम्ही झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. सातबाऱ्यावरचं एक नाव कमी करायला माझ्या पक्षकारांनी किती चपला झिजवल्या, ते आठवून मला तिथे बसल्याबसल्या राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी बेबोंनी बाजारातून हिरवी आंबट आलुबुखारं आणली होती. तिथे ती वसंतात मीठ लावून खातात, अगदी आपण कैरी खातो तशी. ती खाताखाता शेजारच्या काकांची गोष्ट निघाली. काकांचं छोटं दुकान होतं. २००८ च्या सुमारास करचुकवेगिरीच्या आरोपाखाली त्यांना धरलं. हिशेबात चूक होती की नव्हती, हे कळायची वेळच आली नाही. २००४ पासून तिथे सरकारी वकिलाशी तडजोड करायची सोय कायद्यानं झालेली: गुन्हा कबूल करा, रक्कम भरा, सुटा. लढायचं तर लढा, पण त्या वर्षांत निर्दोष सुटण्याचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नव्हतं. दुकान विकून काकांनी रक्कम भरली. पावती मिळाली, शिक्क्यासकट. काकांनी ती फ्रेम करून ठेवली होती म्हणे, विनोद म्हणून.

या प्रकाराची सुरुवात बड्यांपासून झाली होती. माजी राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांचा जावई गिया जोख्ताबेरिद्झे २००४ मध्ये अटकेत गेला आणि राज्याला एक कोटी ५५ लाख डॉलर भरून बाहेर आला. लोकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. लुटलेलं परत येतंय, वाईट काय त्यात? मीही तिथे असते तर वाजवल्या असत्या. पण पायंडा पडला की तो पायरी-पायरीनं खाली उतरतो. वाड्यातल्या काकांपर्यंत यायला त्याला चार वर्षं लागली. २०१२ पर्यंत फौजदारी खटल्यांतले दहापैकी आठ-नऊ तडजोडीनंच मिटत होते. ‘गाई’वाल्याच्या खिशात जाणारा पैसा आता तिजोरीत जात होता हे खरंच. पण ‘गाई’वाल्याशी घासाघीस करता यायची. तो रडणाऱ्या पोराकडे बघून रक्कम कमी करायचा. मी हे लिहिते आहे आणि माझंच मला वाईट वाटतंय, कारण मी लाचेची वकिली करायला बसलेली नाही. तरीही सांगायचं ते असं: लाच घेणारा शिपाई ही एक किडकी फट होती आणि लोक तिच्यातून श्वास घेत होते. फट बुजवली ते बरंच झालं. पण तिच्या जागी खिडकी हवी होती. ती खिडकी म्हणजे न्यायाधीश, आणि त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

बेबोंचा नातू. वय बावीस-तेवीस, संगणकाचं शिक्षण, बोलायला लाजरा. सरकारनं युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या वाटाघाटी पुढे ढकलल्या, तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीपासून, रुस्तावेली मार्गावर संसदेसमोर रोज रात्री लोक जमत होते. तोही जायचा. डिसेंबरात एका सकाळी मेट्रोच्या दाराशी दोन गस्ती पोलीस त्याच्याजवळ आले, नाव विचारलं, गाडीत बसायला सांगितलं. धक्काबुक्की नाही, शिवी नाही. आरोप दोन: किरकोळ हुल्लडबाजी आणि पोलिसांचा आदेश न पाळणं. तिथल्या वकिलांना या जोडीचे कलम क्रमांक, १६६ आणि १७३, झोपेत विचारले तरी येतात. काही दिवसांची कोठडी झाली, सुटला. मग मार्चमध्ये घरी कागद आला: रस्ता अडवल्याबद्दल पाच हजार लारी दंड. संसदेसमोरच्या कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा ओळखला होता. पाच हजार लारी म्हणजे साधारण दीड लाख रुपये, बेबोंची जवळजवळ वर्षभराची पेन्शन. डिसेंबर अखेरपर्यंत हाच दंड पाचशे होता.

त्याच्या अपिलाचं काम बघणाऱ्या तरुण वकीलबाईंना इंग्रजी येत होतं. मी याच धंद्यातली म्हटल्यावर त्यांनी मला एका सुनावणीला यायला सांगितलं. त्यांच्या दुसऱ्याच पक्षकाराची होती. तिबिलिसीचं शहर न्यायालय गावाबाहेर दिघोमीकडे, हायवेच्या कडेला आहे. सवयीनं मी कोर्टाच्या आवारात चहाची टपरी, टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर शोधत होते. तिथे पार्किंग आणि वारा. आतलं दालन स्वच्छ, लहान, थंड. पुरावा म्हणून दोन पोलीस उभे राहिले. पहिल्यानं सांगितलं: आरोपी शिवीगाळ करत होता, आम्ही समज दिली, त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्यानं तेच सांगितलं. तेच म्हणजे तेच. भाषा न कळताही मला ऐकू येत होतं की शब्दांचा क्रमसुद्धा बदललेला नाही. वकीलबाईंनी विचारलं, नेमकी कुठली शिवी? आठवत नाही. कुणाला उद्देशून? आठवत नाही. अंगावर कॅमेरा होता ना, चित्रण कुठे आहे? चित्रण नाही. न्यायाधीशांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी सौजन्यानं. थोडा वेळ आत गेले, बाहेर येऊन निकाल वाचला. पोलिसांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही त्यांना दिसलं नव्हतं.

आमच्याकडे अशा उलटतपासणीनंतर आरोपी सुटतो. निदान सुटू शकतो, आणि पोलीसही त्यावर फार मनाला लावून घेत नाहीत. तिथे सुटका ही यंत्रणेतली बिघाडाची नोंद असते. सोव्हिएत न्यायालयात सरकारी वकिलाचं आसन न्यायाधीशापेक्षा जड असायचं; कागद इथवर आला म्हणजे वरच्यांनी तपासूनच आला असणार, मग न्यायाधीशानं निर्दोष म्हणायचं म्हणजे कुणाला तरी खोटं पाडायचं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुठला कायदा बदलून ते गेलं नाही.

वकीलबाईंनी परतताना बसथांब्यावर मला एक तारीख सांगितली. ज्या संहितेखाली हे सारं चालतं, ती प्रशासकीय गुन्ह्यांची संहिता १५ डिसेंबर १९८४ ची आहे. म्हणजे सोव्हिएत जॉर्जियाची. तेव्हा तो देशच नव्हता. स्वातंत्र्य आलं, यादवी झाली, क्रांती झाली, राज्यघटना नवी, फौजदारी संहिता नवी, ठाणी काचेची. ही मात्र तीच, दुरुस्त्यांच्या ठिगळांसकट. हा ‘गुन्हा’ नव्हे, नुसता प्रशासकीय दोष, म्हणून गुन्ह्याच्या आरोपीला असलेली संरक्षणंही इथे पातळ. तरी माणूस आत जातोच. साकाश्विलींच्या सरकारनं २००९ मध्ये या कोठडीची मर्यादा नव्वद दिवसांवर नेली. पुढच्या सरकारनं २०१४ मध्ये ती पंधरावर आणली आणि पाठ थोपटून घेतली. त्याच पक्षाच्या सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ती साठवर नेली. नवी संहिता आणायचं आश्वासन जो विरोधात असतो तो देतो.

मला आमच्या ‘चॅप्टर केस’, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच केलेल्या प्रतिबंधक कारवाया, आठवत होत्या. गणपती आले, निवडणूक आली, की एकशे सात, एकशे दहा, एकशे एक्कावन्न. पोलिसांचा अहवाल, कार्यकारी दंडाधिकाऱ्याची सही, चांगल्या वर्तणुकीचा बाँड. कलमांचे आकडे जुलै २०२४ पासून नव्या संहितेत बदलले. तहसील कचेरीतली रांग तीच आहे. ही कलमं इंग्रजांनी ज्या कारणासाठी ठेवली त्याच कारणासाठी आपण ठेवली, हे मी बार रूममध्ये कितीदा बोलले असेन. फरक इतकाच की आमच्याकडे बाँड भरून घेणारा कारकून पन्नास रुपये मागतो, त्यामुळे यंत्रणा वाईट आहे हे सगळ्यांना चटकन दिसतं. दिघोमीत कुणी काही मागितलं नाही. तिथे वाईट काय आहे ते बोट ठेवून दाखवायला मला वेळ लागला.

बेबोंना वेळ लागला नव्हता. १८ सप्टेंबर २०१२ ची संध्याकाळ त्यांना आठवत होती. ग्लदानीच्या आठ नंबर तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती त्या दिवशी टीव्हीवर लागल्या. सगळ्या वाड्यात सगळ्या घरांचा टीव्ही एकाच वेळी चालू, आणि गॅलरीत कुणी नाही. जेमतेम ४५ लाखांचा देश आणि २४ हजारांच्या आसपास माणसं तुरुंगात होती तेव्हा. दोन आठवड्यांनी, एक ऑक्टोबरला, निवडणुकीत सरकार पडलं. माफी जाहीर झाली, तुरुंग निम्म्याहून रिकामे झाले, दुकानवाल्या काकांनी शॅम्पेन उघडली. आता न्यायाधीश बदलतील, असं सगळ्यांना वाटलं.

काही बदललेही. पण सान्द्रो गिरग्व्लियानी या तरुण बँक कर्मचाऱ्याच्या २००६ मधल्या खुनाचा खटला घ्या. खून करणारे गृहखात्याचेच लोक होते; खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या पीठावर असलेले लेवान मुरुसिद्झे सरकार बदलल्यावर बाजूला पडले नाहीत, उलट न्यायाधीश नेमणाऱ्या उच्च परिषदेचे सचिव झाले. २०२३ मध्ये अमेरिकेनं भ्रष्टाचाराच्या कारणावरून ज्या चार जॉर्जियन न्यायाधीशांना प्रवेशबंदी केली त्यांत त्यांचं नाव होतं. तिथले लोक न्यायव्यवस्थेतल्या या गोतावळ्याला ‘कुळी’ म्हणतात. राज्य कुणाचंही येवो, येणाऱ्याला त्यांची गरज लागते आणि त्यांना येणाऱ्याची. खुद्द साकाश्विली २०२१ पासून कैदेत आहेत. त्यांच्यावरच्या शिक्षांपैकी एक गिरग्व्लियानीच्या मारेकऱ्यांना माफी दिल्याबद्दलची. त्यांनी जशी न्यायालयं ठेवली, तशाच न्यायालयांनी त्यांचा निकाल लावला. काकांना यात आनंद होतो. मला होत नाही, पण मी दुकान गमावलेलं नाही.

मी परतल्यावर बातुमीच्या म्जिया अमाग्लोबेली यांच्या खटल्याच्या बातम्या वाचत होते. ‘बातुमेलेबी’ वृत्तपत्राच्या संस्थापक, पन्नाशीच्या. जानेवारी २०२५ मध्ये पोलीसप्रमुखाला थोबाडीत मारली म्हणून अटक. कलम लावलं पोलिसावर हल्ल्याचं, चार ते सात वर्षांचं. ऑगस्टमध्ये न्यायालयानं कलम सौम्य केलं आणि दोन वर्षं दिली. थोबाडीत मारली हे खरंच आहे, चित्रणही आहे. त्या खटल्यात मात्र चित्रण सापडलं होतं. भाचीनं पुढे ऑक्टोबरात फोनवर सांगितलं की पुन्हा कायदा बदलला: रस्ता अडवला किंवा तोंड झाकलं तर आता दंड नाही, थेट पंधरा दिवसांपर्यंत कोठडी, आणि पुन्हा सापडलं तर फौजदारी. बेबो म्हणाल्या म्हणे, चला, पेन्शन वाचली.

मध्यंतरी दुपारच्या सुट्टीत बार रूममध्ये मी हे सगळं सांगत होते. आमचे एक ज्येष्ठ डबा खाताखाता म्हणाले, “पोलीस पैसे खात नाही, जज्ज सोडत नाही. मग वकील तिथे करतो काय हो मॅडम?” सगळे हसले. मी दिघोमीच्या बसथांब्यावर अगदी हेच विचारलं होतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, आम्ही जिंकायला उभे राहत नाही. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक ‘चित्रण नाही’ नोंदीवर आणतो, स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयासाठी. गिरग्व्लियानीच्या आईवडिलांना तिथेच तर न्याय मिळाला. सत्तेच्या सगळ्या शाखांनी मिळून न्याय होऊ दिला नाही, असं त्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे.

“किती वर्षं लागली?” ज्येष्ठांनी विचारलं.

खून जानेवारी २००६, निकाल एप्रिल २०११, मी सांगितलं.

“पाचच?” म्हणाले. डबा बंद केला, कोट झटकला, आणि १९९८ सालच्या वाटणीच्या दाव्यात पुढची तारीख घ्यायला निघून गेले.